चलन रद्द करावे, ही विनंती

नोकरीत मी किती अर्ज वाचले याची गणती नाही. पण एका अर्जातल्या चार ओळी निवृत्तीनंतरही डोक्यातून गेलेल्या नाहीत. एका चालकाच्या सदऱ्याच्या खिशात घडी घालून ठेवलेला तो कागद होता. त्यातला मजकूर खोटा होता, आणि त्या खोट्यामुळंच एक निरपराध माणूस माझ्या हातून गुन्हेगार ठरायचा वाचला. यातल्या कुणाचंही नाव मी इथं लिहिणार नाही. ती माणसं अजून त्याच गावात, त्याच गल्लीत राहतात.

मी तेव्हा धाराशिव जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. सोयाबीन काढणीचे दिवस होते. अशा दिवसांत रस्त्यावर मळणीयंत्रं, ट्रॅक्टर, मजुरांच्या गाड्या यांची वर्दळ असते आणि किरकोळ अपघात रोजचेच होतात. त्या मंगळवारचा मात्र किरकोळ नव्हता. तेरच्या रस्त्यावर एक वयस्कर गवंडी सायकलवरून कामाला निघाला होता. सव्वाअकराच्या सुमारास मागून आलेल्या चारचाकीनं त्याला उडवलं आणि गाडी न थांबता निघून गेली. जिल्हा रुग्णालयात पोचण्याआधीच तो गेला.

बांधावर शेळ्या राखणाऱ्या एका बाईनं गाडी पाहिली होती. तिला नंबर सांगता आला नाही. पांढरी गाडी आणि टपावर सामानाची जाळी, एवढंच तिच्या लक्षात राहिलं होतं. आम्ही जागेवर पंचनामा केला. सायकलच्या मडगार्डला पांढरा रंग लागला होता आणि खडीत दिव्याच्या काचेचे तुकडे पडले होते. मोटार वाहन निरीक्षकांनी ते तुकडे पाहून सांगितलं की हा डाव्या बाजूचा दिवा आहे. ही गोष्ट मी, माझा हवालदार आणि ते निरीक्षक, एवढ्या तिघांनाच माहीत होती.

संध्याकाळी गवंड्याची मुलगी ठाण्यात आली. रडत नव्हती. तिनं मला एकच विचारलं, गाडी सापडेल का. मी सापडेल म्हणालो. तपास अधिकाऱ्यानं असा शब्द द्यायचा नसतो. दिला की मग तो शब्द आपल्याला घाई करायला लावतो. मला त्यानं करायला लावली.

तिसऱ्या दिवशी खबर आली. एका गावात टायरचं पंक्चर काढण्याचं दुकान चालवणारा एक माणूस माझ्या हवालदाराच्या ओळखीचा होता. त्यानं सांगितलं की गावातल्या मामूची गाडी बघा. गाडी पांढरी आहे, टपावर जाळी आहे, मंगळवारी सकाळीच गावातून गेली होती आणि दिवस मावळताना पुढून फुटून परत आली. डावा दिवाही फुटला होता, तो त्यानं गुपचूप बदलून घेतला, असंही तो म्हणाला.

ज्याला गाव मामू म्हणत असे तो पंचेचाळिशीचा मुसलमान चालक होता. दोन वर्षांपूर्वी गावातल्याच एका मोठ्या शेतकऱ्याच्या थोरल्या मुलाकडून त्यानं जुनी गाडी घेतली होती आणि तीवर भाडी मारून घर चालवत होता. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं असो की म्हाताऱ्याला बँकेत, लोक त्यालाच हाक मारत. त्याच्याविरुद्ध कधी साधी तक्रारही नव्हती. पण अपघात करून पळणारा माणूस बहुतेक वेळा साधाच असतो. भीतीनं पळतो आणि मग परत फिरायची हिंमत होत नाही. हे मी अनेकदा पाहिलं होतं, त्यामुळं त्याचं चांगलं नाव मी विचारात घेतलं नाही.

आम्ही गाडी पाहिली. पुढचा बंपर नवा बसवला होता. दिवे मात्र दोन्ही जुने होते, काचा सारख्याच पिवळट पडलेल्या. हवालदारानं ते माझ्या लक्षात आणून दिलं. मी त्याला म्हणालो की भंगारातून जुना दिवा आणून बसवला असेल. आज लिहिताना लाज वाटते, पण त्या क्षणी मला ते उत्तर अगदी हुशारीचं वाटलं होतं.

गाडी ठाण्याच्या आवारात आणून लावली आणि मामूला रोज सकाळी चौकशीला बोलावलं, संध्याकाळी घरी सोडलं. चौकशीत मी कुणाला अरेतुरे करत नसे. आवाज चढवला की समोरचा माणूस प्रश्न ऐकत नाही, फक्त आवाज ऐकतो. मी त्याला मंगळवारचा दिवस सकाळपासून सांगायला सांगितला. तो म्हणाला, गाडी दिवसभर घरापुढंच उभी होती. मी शेजारच्या तिघांचे जबाब घेतले. तिघांनीही सांगितलं की गाडी सकाळी आठच्या आत गेली. दुसऱ्या दिवशी त्यानं बदलून सांगितलं की शेताकडं नेली होती. शेत त्याला नव्हतंच. बंपर कशानं फुटला विचारल्यावर म्हणाला, रानडुक्कर आडवं आलं. कुठं आलं, ते सांगेना.

त्याच्या फोनची माहिती मागवली. मंगळवारी फोन दिवसभर गावातच होता. बायकोला विचारलं तर ती म्हणाली की ते फोन घरी विसरून गेले होते. भाड्याची गाडी चालवणारा माणूस फोन विसरून जात नाही. माझ्या दृष्टीनं आता काही शिल्लक नव्हतं. खबर होती, फुटलेला बंपर होता, बदलत गेलेली हकिगत होती आणि मुद्दाम घरी ठेवलेला फोन होता. चौकशीच्या पाचव्या दिवशी सकाळी मी त्याला अटक करायचं ठरवलं.

अटकेआधी अंगझडती घेतात आणि माणसाजवळ जे सापडेल त्याची नोंद करतात. हवालदार एकेक वस्तू टेबलावर ठेवत होता. चष्म्याचं रिकामं पाकीट, एक कंगवा, गाडीच्या विम्याची झेरॉक्स आणि घडी घातलेला एक कागद. कागद कोर्टाबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाच्या अक्षरात होता. मी तो सवयीनं उघडला.

अर्ज वाहतूक शाखेला होता. त्यात लिहिलं होतं की सदर वाहनावर मंगळवारी सकाळी अकरा वाजून बावीस मिनिटांनी उमरग्याजवळ हैदराबाद महामार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल ऑनलाइन चलन करण्यात आले आहे. परंतु सदर दिवशी सदर वाहन उमरगा येथे गेलेच नव्हते. वाहन क्रमांकात चूक झाली असावी. तरी चलन रद्द करावे, ही विनंती.

मी तो कागद तीनदा वाचला. तेरच्या रस्त्यावर गवंडी पडला सव्वाअकराला. तिथून उमरगा म्हणजे आतल्या रस्त्यानं कितीही पळवली तरी दोन तासांची वाट. अकरा बावीसला जी गाडी उमरग्यापाशी होती, ती सव्वाअकराला तेरला असणं शक्यच नव्हतं. हा माणूस चार दिवस माझ्यासमोर बसून होता. स्वतःला सोडवणारा पुरावा त्याच्या खिशात होता आणि तो पुरावा खोटा ठरावा म्हणून तो अर्ज करायला निघाला होता.

मी अटकेचे कागद बाजूला सारले आणि हवालदाराला बाहेर जायला सांगितलं. मामूला पाणी दिलं. मग त्याला सगळं सरळ मांडून सांगितलं. चलन खरं असेल तर तुम्ही या गुन्ह्यातून आत्ताच सुटता. चलन खोटं ठरवलंत तर एका माणसाचा जीव घेऊन पळाल्याचा खटला तुमच्यावर चालेल, लायसन्स जाईल, आणि पुढचं कोर्ट ठरवेल.

"आता तुम्हीच सांगा मामू," मी म्हणालो, "चलन लढवायचं का भरायचं?"

त्यानं ग्लास खाली ठेवला. फार वेळ घेतला नाही.

"लढवायचं साहेब. गाडी उमरग्याला गेलीच न्हाय."

नोकरीत मला धमक्या मिळाल्या, वशिले आले, रडून पाया पडणारेही भेटले. पण सुटकेचा दरवाजा उघडून दिल्यावर तो आतून लावून घेणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. गुन्हेगार असं करत नाही. गुन्हेगारानं ते चलन झेंड्यासारखं फडकवलं असतं.

त्याच दुपारी मी गाडी काढली आणि उमरग्याला गेलो. स्पीडगनची गाडी त्या दिवशी जिथं उभी होती ती जागा पाहिली, यंत्राचं घड्याळ बरोबर असल्याची खात्री करून घेतली आणि मूळ फोटो मोठा करून मागितला. चलनासोबत मोबाइलवर येतो तो फोटो अंगठ्याएवढा असतो. त्यात नंबर दिसतो, बाकी काही कळत नाही. मोठ्या फोटोत सगळं दिसत होतं. नंबर तोच होता. टपावरच्या जाळीला बांधलेली निळी दोरी तीच होती आणि समोरच्या काचेच्या कोपऱ्यातला तडाही तोच. बंपर शाबूत होता, म्हणजे तो त्यानंतर फुटला होता. गाडी ताशी एकशे सातच्या वेगानं निघाली होती. चालकाशेजारी डोक्यावर पदर घेतलेली एक बाई बसली होती. तिनं एक हात समोर टेकवला होता.

दुसऱ्या दिवशी मामूला बोलावलं. गाडीची नोंद कागदोपत्री अजून जुन्या मालकाच्या नावावर होती, म्हणजे त्या शेतकऱ्याच्या थोरल्या मुलाच्या. मामूनं गाडी घेतली पण नाव बदलून घ्यायचं दोन वर्षं राहून गेलं होतं. गावाकडं हे सर्रास चालतं. म्हणून जबाबासाठी मी त्या थोरल्यालाही बोलावलं होतं. तो बाहेरच्या बाकावर बसला होता.

मी फोटो मामूपुढं ठेवला. त्यानं पाहिला आणि पहिल्यांदा त्याचा चेहरा उतरला. तरी तो म्हणाला की नंबर कुणीतरी चोरून लावला असेल. मी निळ्या दोरीवर बोट ठेवलं, मग काचेच्या तड्यावर. दाराकडं एकदा बघून अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं,

"साहेब, गाडीत कोण हाय ते बी कागदावर येतं का?"

मी उत्तर देणार तोच थोरला दारात येऊन उभा राहिला. त्याला थांबायला सांगितलं होतं, पण त्याला राहवत नव्हतं. त्यानं मला विचारलं की चलन नक्की उमरग्याचंच आहे का. मेसेज त्याच्याच मोबाइलवर आला होता, कारण नोंद त्याच्या नावाची. त्यानंच मामूला फैलावर घेतलं होतं. मामूनं गेलो नाही म्हटल्यावर त्यानंच सांगितलं होतं की मग अर्ज कर, चलन खोटं आहे असं लिहून आण आणि मला दाखव.

चलन भरायला कुणी सांगितलं असतं तर मी समजू शकलो असतो. पण दुसऱ्याच्या दंडाची इतकी काळजी? मी त्याला विचारलं की उमरग्याचं तुम्हाला एवढं काय आहे. तो म्हणाला,

"तिकडं आमची एक बहीण ऱ्हाती म्हणं. आमच्यासाठी मेलीय ती. पण कुणी तिच्याकडं जात असंल तर आम्हाला कळाया पायजे."

त्याचे डोळे माझ्या टेबलाकडं लागले होते. मी फोटो उलटा करून ठेवला. त्याला म्हणालो की तुमचा जबाब उद्या घेऊ, आता जा. तो गेला. मामूनं उठून दार लावून घेतलं.

मी त्याला काही विचारलं नाही. फक्त सांगितलं की गाडी कुठं होती एवढंच मला पुरे आहे, गाडीत कोण होतं ते मी विचारणार नाही. पण हेही सांगितलं की फोटो तपासाचा कागद आहे, तो मी फाडू शकत नाही. कधी ना कधी कोर्टात कुणीतरी तो पाहील. मामूनं तो उलटा फोटो माझ्याकडं सरकवला. मग म्हणाला, "जबान दिली हाय साहेब. मी बोलणार न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं एक साठीची बाई एकटी ठाण्यात आली. ठाणे अंमलदारानं काम विचारलं तर म्हणाली, मोठ्या सायबालाच सांगीन. मी तिला आत बोलावलं आणि ती खुर्चीवर बसायच्या आधीच ओळखली. पदर फोटोतल्यासारखाच घेतला होता. ती त्या थोरल्याची आई होती. गाव तिला अक्का म्हणत असे.

तिनं सांगितलेलं मी थोडक्यात लिहितो. सहा वर्षांपूर्वी तिच्या मुलीनं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं. नवऱ्यानं आणि मुलांनी तिचं नाव टाकलं. थोरल्यानं तर दिसली तर पाय मोडीन असं चारचौघांत सांगितलं होतं. मुलगी उमरग्याच्या बाजूला राहते एवढंच घरी कानावर होतं. पत्ता फक्त अक्काला माहीत होता. त्या सोमवारी जावयानं शेजारणीच्या फोनवर निरोप दिला. मुलगी दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली होती, बाळ काचेच्या पेटीत होतं आणि मुलीला ताप होता. अक्कानं घरी सांगितलं की डोळे तपासायला धाराशिवला जाते. गावात विश्वास ठेवावा असा एकच चालक होता. त्याच्याकडून तिनं शब्द घेतला की हे मेलं तरी कुणाला कळणार नाही.

मामूनं फोन घरी ठेवला तो यामुळंच, कुणी फोन करून कुठं आहेस विचारू नये म्हणून. टोलचा मेसेज थोरल्याच्या मोबाइलवर जाईल म्हणून तो आतल्या रस्त्यानं गेला. महामार्गावर त्याला फक्त शेवटचा टप्पा चालवायचा होता. तेवढ्यात अक्का त्याला सारखी म्हणत होती की चल बाबा, लवकर चल, आणि त्यानं गाडी पळवली. डुक्कर आडवं आलं ते परतीच्या वाटेवर.

"म्या गेलते त्या गाडीत," ती म्हणाली. "लिहा माझं नाव. मला दिलेल्या शब्दापायी तो मानूस खुनी ठरंल, आन् म्या घरात बसून भाकरी खाऊ व्हय?"

मी तिला विचारलं की घरी कळल्यावर काय होईल, याचा विचार केलात का. मला वाटलं होतं की ती आता कचरेल. ती म्हणाली की सकाळीच सांगून आले. मालकांना ताट वाढलं आणि सांगितलं. ते ताटावरून उठून गेले. थोरला घरात नव्हता, त्याला ते सांगतील.

मी तिचा जबाब स्वतः लिहून घेतला. मुलीचा पत्ता विचारला नाही आणि कुठं लिहिलाही नाही. सही करताना तिनं एकेक अक्षर पूर्ण काढलं, नुसता अंगठा देऊन मोकळी झाली नाही. मग तिला चहा दिला. तिनं तो सावकाश पिऊन टाकला आणि विचारलं, "आता मामूला सोडलं ना?"

त्याच दुपारी मी थोरल्याला बोलावलं. आईच्या किंवा बहिणीच्या अंगाला बोट लागलं तर काय कारवाई होईल ते त्याला कलमांसह समजावलं आणि चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून घेण्याची प्रक्रिया सुरू केली. आवाज चढवला नाही. उमरग्याच्या बाजूच्या ठाण्यालाही मुलीच्या जिवाला धोका असू शकतो असं लेखी कळवलं आणि जावयाला त्या ठाण्यात जाऊन भेटायला अक्काकरवी निरोप दिला. थोरल्यानं सही केली. तो निवळला असं मी म्हणणार नाही. पण पुढं माझी बदली होईपर्यंत त्याची कसलीही तक्रार आली नाही आणि अक्का महिन्यातून एकदा एसटीनं मुलीला आणि बाळाला बघायला उमरग्याला जायला लागली, हे मला माझ्या हवालदाराकडून कळत राहिलं.

गवंड्याच्या मुलीला दिलेला शब्द अजून उभा होता. मी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले. यावेळी मामूला बाजूला ठेवून वाचले, आणि खबरीच्या नोंदीपाशी थांबलो. खबर देणाऱ्यानं सांगितलं होतं की डावा दिवा फुटला होता. मामूचा दिवा कधी फुटलाच नव्हता. मग पंक्चरवाल्याला डाव्या दिव्याचं कसं कळलं? ती गोष्ट आम्हा तिघांपलीकडं कुणालाच माहीत नव्हती. माहीत असायला दोनच माणसं उरत होती. दिवा ज्याचा फुटला तो, आणि त्यानं ज्याला सांगितलं तो.

पंक्चरवाल्याला बोलावलं. मी त्याला अपघाताचं काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं की डावा दिवा फुटलेला तुम्ही कुठं उभं राहून पाहिला. त्यानं मामूच्या घरापुढं म्हणून सांगितलं. मी म्हणालो, चला, गाडी आवारातच आहे, कोणता दिवा बदलला ते दाखवा. दोन्ही पिवळट दिव्यांपुढं तो उभा राहिला. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. मग तिथंच खाली बसला.

गाडी त्याच्या मेहुण्याची होती. पांढरीच, टपावर जाळी असलेली. पलीकडच्या गावात शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये कडब्यामागं लपवलेली सापडली. डाव्या दिव्याची काच फुटलेली होती आणि खडीतले तुकडे तिला तंतोतंत बसले. मामूची गाडी त्या दिवशी गावात नाही आणि फुटून आली आहे, एवढं पाहून या माणसानं मेहुण्याला वाचवायला ती खबर रचली होती. मेहुण्याला अटक केली आणि खोटी खबर देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवला. गवंड्याची मुलगी आली तेव्हा मी तिला फक्त गाडी दाखवली. तिनं गाडीला हात लावला नाही. आरोपपत्र कधी जाईल एवढं विचारून गेली.

मामूनं तो अर्ज दिलाच नाही आणि चलन भरलं. मी त्याला म्हणालो होतो की बाळाची हकिगत कोर्टापुढं सांगितलीत तर कदाचित दंडात सवलत मिळेल. त्यानं नको म्हटलं. गाडी पळवली हे खरं आहे, त्या वेगात कुणी आडवं आलं असतं तर मीही तसाच पळालो असतो की थांबलो असतो हे मला सांगता येत नाही, असं तो म्हणाला. त्याच आठवड्यात त्यानं गाडीची नोंदही स्वतःच्या नावावर करून घेतली.

निवृत्तीनंतर ओळखीचे लोक मोबाइल घेऊन येतात. साहेब, हे चलन आलंय, भरून टाकू का लढू? मी आधी फोटो मोठा करून बघायला लावतो. नंबर आपलाच आहे का, जागा ओळखीची आहे का, त्या वेळी गाडी कोण चालवत होतं. तुम्ही तिथं होता आणि वेग खरा असेल तर भरा, आणि पुढच्या वेळी हळू चालवा. तुम्ही तिथं नव्हता तर मात्र चार खेपा पडल्या तरी लढा. कटकट नको म्हणून न केलेली चूक कबूल करू नका. दंड भरणं म्हणजे त्या जागी, त्या वेळी मी होतो असं लिहून देणं आहे, आणि लिहून दिलेलं कधी कुठं कामाला येईल हे कुणाला सांगता येत नाही.

मी स्वतः जे शिकलो ते वेगळं आहे. समोरचा खोटं बोलतोय हे मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं आणि ते बरोबर होतं. पण मी तिथंच थांबलो. तो माझ्या प्रश्नाबद्दलच खोटं बोलतोय असं धरून चाललो. तो कुणासाठी खोटं बोलतोय, हे विचारायला मला पाच दिवस लागले, तेही एक कागद हाताला लागला म्हणून. दिवे जुने आहेत हे हवालदारानं दाखवलं होतं. मी ते माझ्या समजुतीत बसवलं. त्यानंतर मी कुठल्याही तपासात, एखादी गोष्ट बसत नसेल तर ती बसवायचं सोडून दिलं.

गाडी परत नेताना मामू माझ्या टेबलापाशी थांबला होता. आमच्याकडं अटकेचा छापील नमुना असतो, जप्तीचा असतो, सुटकेचा असतो. चुकीच्या संशयाबद्दल माफी मागायचा नमुना नसतो. मी तोंडानंच म्हणालो, "मामू, माझं चुकलं." असू द्या साहेब, असं तो म्हणाला नाही. तो म्हणाला,

"मला म्हणून काय उपेग साहेब? माझ्या बायकोला सांगा. पाच दिस गल्लीतलं कुणी तिच्याशी बोललं न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी यायच्या वेळी मी त्या गल्लीत गेलो. बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. मामूच्या दारात उभं राहून मी त्याच्या बायकोला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की तुमच्या नवऱ्याचा या गुन्ह्याशी काही संबंध नाही, संशय माझा होता आणि तो चुकीचा होता. तिनं दार पूर्ण उघडलं. मी गणवेशात गेलो होतो, कारण संशयही त्या दारात गणवेशातच गेला होता.